पुन्हा परीक्षेला बसलेले महर्षी कर्वे



बारावीचा निकाल लागला की आमच्या धानोऱ्यात दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात, दुसऱ्या घराचं दार भरदुपारी ओढून घेतलेलं असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. बारावीशी माझा तसा थेट संबंध नाही. पण गावात शिक्षणाचा काही प्रश्न आला की लोक आधी ओळखीच्या शिक्षकाकडे येतात. कॉलेज लांब असतं, शाळा जवळ असते.

यंदा असंच झालं. चौथीपर्यंत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी बारावी आर्ट्सला दोन विषयांत नापास झाली, इंग्रजी आणि अर्थशास्त्र. तिचे वडील मला भेटायला आले. आईवडील दोघंही दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांचा प्रश्न सरळ होता. पोरीला परत बसवायचं की आता पुरे करायचं? एक स्थळही आलं होतं. पुन्हा बसली आणि पुन्हा राहिली तर वर्षही गेलं आणि स्थळही गेलं, ही त्यांची काळजी. मुलगी अठरा वर्षांची झाली आहे, त्यामुळे कायद्याचं कारण पुढे करून मला सुटता येत नव्हतं.

खरं सांगते, मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. दोन दिवस थांबा, म्हटलं. शिक्षण सोडू नका असं म्हणणं सोपं असतं हो, पण ज्याच्या घरचा प्रश्न आहे त्याला नुसतं तेवढं पुरत नाही.

त्या दोन दिवसांत मला महर्षी कर्वे आठवले. आपण सगळेच जयंतीला त्यांची माहिती सांगतो. फळ्यावर जन्म १८५८, भारतरत्न १९५८, निधन १९६२ असं लिहितो आणि पुढे जातो. मधलं एक वर्ष मात्र आपण वगळतो. शाळेची शेवटची परीक्षा त्यांना एका वर्षानंतर, पुन्हा प्रवास करून द्यावी लागली होती. आज त्यांचं चरित्र मी त्या वर्षापासून सांगणार आहे.

मुरुडचा लहानखुरा मुलगा

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. त्यांचं घर मुरुडला. हे मुरुड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ दुसरं मुरुड आहे, मुलांचा तिथे गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगते. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. घरची परिस्थिती बेताची. वडील नोकरीसाठी घरापासून दूर राहायचे.

धोंडो अंगाने लहानखुरा आणि स्वभावाने फार लाजरा होता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तोंडातून शब्द फुटायचा नाही. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं असतातच. त्याला सोमण गुरुजी भेटले. मुरुडच्या शाळेतले हे शिक्षक नुसतं पुस्तक शिकवून थांबणारे नव्हते. गावासाठी काही करायला हवं, हे मुलांच्या मनात त्यांनी रुजवलं. देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचं काम त्यांनी या लाजऱ्या मुलाला लावलं. म्हातारपणापर्यंत कर्वे या गुरुजींचं ऋण मानत राहिले. गावातला शाळामास्तर काय करू शकतो, याचं हे उदाहरण आपण शिक्षकांनी लक्षात ठेवावं असं आहे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे चौदा-पंधरा वर्षांचे असतानाच धोंडोचं लग्न आठ वर्षांच्या राधाबाईंशी झालं. म्हणजे शाळा पूर्ण व्हायच्या आधीच संसार मागे लागला होता.

साताऱ्याची वाट

तेव्हा मराठी शाळेचं शिक्षण सहावीला संपायचं. सहावीची मोठी परीक्षा ही त्या काळची शेवटची पायरी. ती पास झाली की शिक्षकाची किंवा सरकारी खात्यातली लहानशी नोकरी मिळण्याचा मार्ग उघडायचा. आज आपल्याकडे बारावी पास या दोन शब्दांना जे वजन आहे, तेच गरीब घरात त्या परीक्षेला होतं. ही परीक्षा गावात होत नसे. १८७५ मध्ये धोंडो सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुरुड समुद्राकाठी, सातारा घाटावर, मध्ये सह्याद्री उभा. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७५ किलोमीटर. आपल्या नंदुरबारहून सुरत साधारण जेवढं लांब आहे तेवढंच म्हणा ना. दिवस पावसाचे. ओढेनाले भरलेले, वाट चिखलाची, रानातून आणि डोंगरातून जाणारी. ही सगळी वाट ती मुलं पायी चालत गेली. वर्गात हे सांगाल तेव्हा मुलांना विचारा, तुम्ही पायी जास्तीत जास्त किती लांब गेलात? आमच्याकडची मुलं जत्रेला डोंगर चढून जातात, त्यांना हे अंतर बरोबर कळतं.

मुलं वेळेवर पोहोचली. पण धोंडोला परीक्षेला बसू दिलं नाही. परीक्षेला वयाची अट होती. धोंडोला सतरा वर्षं पूर्ण झालेली होती. पण तो दिसायचा लहान. समितीच्या अधिकाऱ्यांना त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते वय पटलं नाही. अभ्यास झालेला, एवढी पायपीट केलेली, पण पेपर हातात पडलाच नाही. तो जसा गेला तसाच परत आला.

थोडा वेळ इथे थांबू या. नापास झालेल्या मुलाला निदान एवढं तरी माहीत असतं की मी पेपर लिहिला आणि मला आलं नाही. या मुलाला तेही समाधान नव्हतं. आपल्या हातात नसलेल्या कारणासाठी त्याचं वर्ष गेलं. त्या प्रसंगाचा घाव खोल होता. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आत्मवृत्त लिहिलं, तेव्हा चाळीस वर्षांनंतरही साताऱ्याची ही हकीकत त्यांनी सविस्तर सांगितली.

मग कोल्हापूर

परत आल्यावर समोर दोन रस्ते होते. शिक्षण पुरे करून मिळेल ते काम धरायचं, किंवा एक वर्ष थांबून त्याच परीक्षेला पुन्हा जायचं. घर गरीब, लग्न झालेलं. थांबू नकोस, असं सांगायला कारणं भरपूर होती.

धोंडो पुन्हा गेला. या वेळी परीक्षेसाठी त्याने कोल्हापूर गाठलं. परीक्षा दिली आणि पास झाला. साल १८७६.

इथे आपण सगळे पालकसभेत एक वाक्य ठोकून मोकळे होतो, की जिद्द असली की सगळं होतं. मीही अनेकदा असं बोलले आहे. पण या वेळी ती गोष्ट पुन्हा वाचताना मला दुसरंच काही दिसलं. साताऱ्यात धोंडोची जिद्द काही कमी नव्हती. १७५ किलोमीटर चालून गेलेल्या मुलाला जिद्द कमी पडली असं कोण म्हणेल? तरी वर्ष गेलंच. मग सातारा आणि कोल्हापूर यांच्यामध्ये बदललं काय? अडचण वयाची होती. एक वर्ष गेलं आणि तो एक वर्षाने मोठा झाला. अडवणारं कारण ढिलं पडलं, आणि म्हणून पुन्हा जाण्याला अर्थ होता.

पालकहो, मला वाटतं की परत बसायचं का, या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. आधी हे शोधायचं की मुलाला अडवलं कशाने. आणि मग हे बघायचं की पुढच्या वेळी ते कारण तिथे असणार आहे की नसणार. मुलाची जिद्द त्यानंतर मोजा.

तेवीसाव्या वर्षी मॅट्रिक

कोल्हापूरनंतर कर्वे तिथेच थांबले नाहीत. इंग्रजी शिक्षण घ्यायचं ठरवून ते पुढे मुंबईला गेले आणि रॉबर्ट मनी स्कूलमध्ये शिकले. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचं वय २३ होतं. पुढच्याच वर्षी, १८८२ च्या जानेवारीत, त्यांच्या मोठ्या मुलाचा, रघुनाथचा जन्म झाला. हेच रघुनाथ पुढे संततिनियमनाच्या प्रसाराचं काम करणारे र. धों. कर्वे म्हणून ओळखले गेले. म्हणजे बघा, मॅट्रिकचा निकाल आणि बाप होणं हे जवळजवळ एकाच वेळी. आज तेवीस वर्षांच्या मुलाला बारावीच्या वर्गात बसलेलं आपण कल्पनेतही बघू शकत नाही. शेजारीपाजारी हसतील, ही भीती आपल्या मनात आधीच बसलेली असते.

आता एक गंमत सांगते. त्याच १८८१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलाच आणखी एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याचं वय होतं पंधरा. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. दोघांच्या वयात आठ वर्षांचं अंतर, आणि मॅट्रिकचं वर्ष एकच. पुढे १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून दोघंही बी. ए. झाले. कर्वे २६ वर्षांचे, गोखले १८ वर्षांचे. कर्व्यांनी गणित घेतलं होतं.

आठ वर्षांनी लहान मुलांबरोबर बाकावर बसणं सोपं नसतं. पण याच ओळखीतून पुढे काय झालं ते ऐका. कर्वे मुंबईत शाळांमधून शिकवत आणि शिकवण्या करत संसार चालवत होते. गोखले तोपर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले होते. तिथे गणिताच्या शिक्षकाची गरज होती. १८९१ मध्ये गोखल्यांनी कर्व्यांना बोलावलं. आठ वर्षांनी मागे असलेल्या वर्गमित्राला आठ वर्षांनी लहान मित्राने हाक मारली. १८९१ पासून १९१४ पर्यंत कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते.

गणिताची ती जागा कोणी सोडली होती माहीत आहे का? लोकमान्य टिळकांनी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून ते १८९० मध्ये बाहेर पडले होते. आणि टिळकांच्या शिक्षणातही एक गेलेलं वर्ष आहे. मॅट्रिकनंतर ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची तब्येत अगदी किरकोळ होती. पहिलं वर्ष त्यांनी तालमीला, पोहण्याला आणि शरीर कमावण्याला दिलं. अभ्यास मागे पडला, वर्ष गेलं. पण अशक्तपणा गेला, आणि पुढे गणितात पहिल्या वर्गाची पदवी मिळवून ते बाहेर पडले. इथेही तोच हिशोब दिसतो. कारण शरीराचं होतं, वर्ष शरीरावरच खर्च झालं, म्हणून ते वाया गेलं नाही. फर्ग्युसनच्या गणिताच्या वर्गात एकामागून एक शिकवणाऱ्या या दोन्ही माणसांच्या शिक्षणात एकेक वर्ष मागे पडलेलं होतं, हे मुलांना जरूर सांगा.

उशिरा पाटी धरणाऱ्या बायका

१८९१ हे वर्ष कर्व्यांसाठी दुःखाचंही होतं. त्याच वर्षी राधाबाई वारल्या. त्या काळी विधुर पुरुष लहानशा मुलीशी लगेच दुसरं लग्न करायचा आणि त्याला कोणी नाव ठेवायचं नाही. विधवेला मात्र लग्नही नाही आणि शिक्षणही नाही. कर्व्यांनी ठरवलं की पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. सगळे त्यांना बाया कर्वे म्हणत. या लग्नामुळे मुरुड गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या भल्यासाठी ते धडपडले त्याच गावात त्यांना परक्यासारखं वागवलं गेलं.

१८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० मध्ये तो पुण्याजवळच्या हिंगण्याला गेला. तेव्हा तिथे नीट रस्ताही नव्हता. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला जायचं, ऊन असो की पाऊस, असा त्यांचा क्रम होता. साताऱ्याच्या वाटेवर तयार झालेले पाय इथे कामी आले म्हणायचं!

आश्रमात कोण शिकत होतं? ज्यांचं शिक्षण सुरू होण्याआधीच संपवलं गेलं होतं अशा बायका. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांचंच बघा. विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरात लहान मुलगा. शिक्षण त्यांनी त्यानंतर, मोठ्या वयात सुरू केलं. पुढे त्यांनी आश्रमाची जबाबदारी सांभाळली, आश्रमासाठी गावोगाव निधी गोळा केला, आणि १९१८ च्या सुमारास संस्थेच्या कामासाठी थेट अमेरिकेला गेल्या. ज्या वयात बाईचं आयुष्य संपलं असं लोक म्हणायचे, त्या वयात त्यांनी धडे गिरवायला घेतले. आश्रमाने त्यांना वय विचारून परत पाठवलं नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कर्व्यांनी या बायकांना नुसतं शिका असं सांगितलं नाही. राहायला जागा दिली, जेवणाची सोय केली, शिकवायला माणसं आणली. त्या बायकांना अडवणारं कारण घरात आणि रूढीत होतं. ते कारण दूर करणारी जागा आधी उभी केली, मग पाटी हातात दिली.

१९०७ मध्ये मुलींसाठी महिला विद्यालय निघालं. १९१६ मध्ये स्त्रियांचं विद्यापीठ सुरू झालं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो निर्णय असा, की या विद्यापीठात मुलींनी मातृभाषेतून शिकायचं, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवायचा. आमच्या भागातल्या मुलींची घरची भाषा भिल्ली, मावची, अहिराणी किंवा गुजरी. त्या मराठीतून शिकतात आणि बहुतेक वेळा इंग्रजीतच अडकतात. एका विषयामुळे मुलीचं सगळं शिक्षण बुडू नये, हा विचार शंभर वर्षांपूर्वी एका गणिताच्या शिक्षकाने केला होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. आपण त्याला एसएनडीटी म्हणतो.

१९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कर्व्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी लोकांकडे जाऊन पैसे गोळा केले. आपण जे निवृत्तीनंतर आराम करू म्हणतो, त्यांनी हे वाचावं! १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, भारतरत्न हा सन्मान त्यांना मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १०४ वर्षांच्या आयुष्यात ते साताऱ्याचं एक वर्ष केवढंसं दिसतं. पण १८७५ मध्ये घरी परतणाऱ्या मुलाला ते तसं दिसत नसणार. आपल्याकडच्या नापास मुलांनाही ते तसं दिसत नाही, हे आपण मोठ्यांनी विसरू नये.

माझ्या हजेरीपटातलं कारण

आता परत आमच्या गावाकडे येते. दोन दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी गेले. आधी मुलीशी बोलले. वर्षभर काय झालं ते विचारलं. दिवाळीनंतर आईवडील गेले. घरी म्हातारी आजी आणि दोन लहान भावंडं. सकाळचा स्वयंपाक, पाणी, आजीचं औषध, भावंडांची आंघोळ आणि त्यांना शाळेत पोहोचवणं. हे सगळं आवरेपर्यंत कॉलेजची गाडी निघून जायची. आठवड्यातून दोन दिवस गेली तरी खूप. घरी वाचून बाकीचे विषय निघाले. इंग्रजी आणि अर्थशास्त्र कोणी शिकवल्याशिवाय निघाले नाहीत.

हे ऐकताना मी मनातून खजील झाले. कारण ती दोन लहान भावंडं माझ्याच शाळेत आहेत. स्थलांतराच्या दिवसांत आमची पटावरची मुलं गळतात. ही दोघं मात्र हिवाळाभर रोज हजर होती, वेणीफणी करून, डबा घेऊन. मी पालकसभेत त्यांचं कौतुकही केलं होतं. त्यांची हजेरी कोणाच्या गैरहजेरीतून येत होती, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग वडिलांना मी परत बसवा किंवा बसवू नका असं काहीच आधी सांगितलं नाही. फक्त विचारलं, की पुढच्या हंगामात ही दोन लेकरं आणि आजी कोण सांभाळणार? जर हीच सांभाळणार असेल तर पुन्हा बसून पुन्हा तेच होईल, आणि तुमची भीती खरी ठरेल. आणि जर दुसरी सोय झाली, तर ही मुलगी पास होण्यासारखी आहे. सहा विषयांतले चार तिने कॉलेजला न जाता काढले आहेत.

त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग हळूहळू बोलणं सुरू झालं. स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना असते. आमच्या शाळेतून त्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत पाठवायचा, हे काम माझं. आजीकडे बघायला काकू तयार झाल्या. बारावीची पुरवणी परीक्षा मुख्य निकालानंतर थोड्याच दिवसांत होते, आणि पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत, हे वडिलांना माहीतच नव्हतं. परत बसणं म्हणजे पुन्हा अख्खं वर्ष, अख्खी फी आणि सगळे पेपर, असं त्यांना वाटत होतं. फॉर्म दोन विषयांचाच भरायचा होता. तो भरला. सध्या आईवडील गावातच आहेत, त्यामुळे संध्याकाळी दोन तास ती माझ्याकडे इंग्रजीला येते. अर्थशास्त्रासाठी कॉलेजच्याच एका सरांनी वेळ दिला आहे. पाहुण्यांना वडिलांनी निकालापर्यंत थांबायला सांगितलं. ते थांबतील की नाही ते त्यांचं त्यांना माहीत.

ती पास होईल का? मी वचन देऊ शकत नाही. पुरवणीत एखादा विषय राहिला तर पुढची परीक्षा आहे, पण तेव्हा हंगाम सुरू झालेला असेल. म्हणून वसतिगृहाचा प्रस्ताव मी आत्ताच तयार करून ठेवला आहे.

निर्णय घेण्याआधी

पालकहो, तुमच्या घरी असा प्रसंग आला तर माझ्या अनुभवातून एवढं सांगेन.

१. रागाच्या भरात निकालाच्या दिवशी निर्णय घेऊ नका. दोन-चार दिवस जाऊ द्या, पण फॉर्मची शेवटची तारीख विचारून ठेवा.

२. किती गुण पडले यापेक्षा का राहिलं ते विचारा. आजारपण, घरकाम, स्थलांतर, चुकीची शाखा, न कळणारा विषय, मोबाईल, यांपैकी खरं कारण कोणतं? मुलाला बोलू द्या.

३. ते कारण पुढच्या वेळी दूर होणार आहे का? होणार असेल तर जरूर बसवा. होणार नसेल तर आधी कारण दूर करा. शाखाच चुकली असेल तर तेच पुन्हा करण्यापेक्षा आयटीआयसारखा दुसरा रस्ता बघण्यात कमीपणा नाही.

४. नियम कॉलेजात जाऊन विचारा. पुरवणी परीक्षा, पास विषयांची सूट, शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म, याची माहिती गावातल्या ऐकीव गोष्टींवरून घेऊ नका.

आणि शिक्षक मित्रहो, आपल्यासाठी दोन गोष्टी. धोंडोला वयाच्या शंकेवरून अडवलं होतं. आपल्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, नाव आणि जात आपण लिहितो. गावात अर्ध्या लोकांची जन्मतारीख १ जून का असते, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिलीच्या वर्गात आपण घाईने लिहिलेली एक ओळ दहा-बारा वर्षांनी एखाद्या मुलाला दाखल्यासाठी, फॉर्मसाठी अडवू शकते. ती ओळ जपून लिहा. दुसरी गोष्ट, लहान भावंडं रोज शाळेत येत असतील तर त्यांना कोण आवरून पाठवतं, हे एकदा विचारा. मी विचारायला उशीर केला.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. मुरुड ते सातारा हे अंतर सुमारे १७५ किलोमीटर आहे. दिवसाला ३५ किलोमीटर चाललं तर किती दिवस लागतील?
२. धोंडोला परीक्षेला का बसू दिलं नाही? ते कारण त्याच्या हातात होतं का?
३. कर्वे आणि गोखले एकाच वर्षी मॅट्रिक झाले. तेव्हा दोघांची वयं किती होती?
४. तुमच्या घरी शिक्षण मध्येच सोडलेलं कोणी आहे का? कशामुळे सोडलं, ते घरी विचारून या.

चौथा प्रश्न मी आमच्या चौथीला दिला होता. दुसऱ्या दिवशी मुलांनी आणलेली उत्तरं ऐकून मला पुढच्या पालकसभेचा विषय मिळाला. तुम्हीही देऊन बघा, आणि जमलं तर हा लेख पालकसभेत वाचून दाखवा.